अभ्रक मातीत मुरते तेव्हा

हरिद्वारच्या खाली गंगेच्या पात्रातील मूठभर वाळू उचलून उन्हात धरली, तर तिच्यात असंख्य रुपेरी आणि सोनेरी कण लखलखू लागतात. हिमालयाच्या गाभ्यातील पट्टिताश्म आणि सुभाजा या खडकांतून सुटून, नदीच्या लोंढ्याबरोबर शेकडो कोस वाहत आलेले ते अभ्रकाचे पापुद्रे होत. आणि पंजाबपासून बंगालपर्यंत पसरलेल्या त्या विस्तीर्ण मैदानात पिढ्यान्‌पिढ्या गहू, भात आणि ऊस पिकत आला, त्या श्रेयाचा मोठा वाटा या पापुद्र्यांकडे जातो, ही गोष्ट ती जमीन कसणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसते. दख्खनच्या पठारावर वाढलेल्या वाचकाला तर या चमकीचा परिचय असण्याचे कारणच नाही, कारण ज्या बसाल्टाच्या झिजेतून आपली काळी माती झाली त्या काळ्या कातळात अभ्रक जवळजवळ नसते. परंतु महाराष्ट्राच्या दोन टोकांना, पूर्वेकडे भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यांखाली आणि दक्षिणेकडे सिंधुदुर्गाच्या काही भागांत, बसाल्टाचे हे आवरण संपते आणि त्याहून कितीतरी प्राचीन असे अभ्रकयुक्त खडक वर येतात. तेथील नांगरटीत हीच चमक अधूनमधून दृष्टीस पडते.

चमक मात्र कायमची नसते. जमिनीत पडलेले अभ्रक हळूहळू निस्तेज होते, मऊ होते, फुगते, त्याचे तुकडे होतात, आणि अखेरीस मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान अशा कणांच्या रूपाने ते चिकण मातीत मिळून जाते. येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. चिकण माती म्हणजे खडकाचे बारीक पीठ, अशी आपली समजूत असते. आणि वाळूपुरती ती बरीचशी खरीही आहे. पण ज्याला शास्त्रज्ञ मृत्तिका म्हणतात तो जमिनीचा सर्वांत सूक्ष्म अंश बहुतांशी पीठ नसतो. खडकातील खनिजे पाण्याच्या आणि हवेच्या संगतीने बदलून किंवा विरघळून पुन्हा नव्याने जुळून तयार झालेली ती स्वतंत्र खनिजे असतात, आणि त्यांना स्वतःचे स्फटिकरूप असते. फेल्स्पारसारखे खनिज मृत्तिका होताना आपला मूळचा सांगाडा समूळ मोडून टाकते. अभ्रकाचे तसे नाही. अभ्रकाचा सांगाडा शाबूत राहतो आणि त्याच्या पोटातले द्रव्य तेवढे बदलते. आणि माझ्या मते जमिनीच्या साऱ्या रसायनात याहून अधिक विचार करण्याजोगी घटना क्वचितच असेल.

हा सांगाडा कसा आहे ते १९३० साली लायनस पॉलिंग यांनी क्ष-किरणांच्या आधारे उलगडून दाखवले. अभ्रक नखाने सोलता येते, सोललेला पापुद्रा पुन्हा सोलता येतो, आणि कल्पनेने हे सोलणे शेवटपर्यंत नेले तर ज्याच्या पलीकडे विभाग होऊ शकत नाही असा जो अंतिम पापुद्रा हाती येईल, तो तीन थरांचा असतो : वर आणि खाली सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे जाळे, आणि त्या दोहोंच्या मध्ये ॲल्युमिनियमचा, किंवा काळ्या अभ्रकात लोह आणि मॅग्नेशियमचा, थर. वरखालच्या जाळ्यांत साधारणपणे दर चार सिलिकॉन अणूंमागे एकाची जागा ॲल्युमिनियमने घेतलेली असते, आणि ॲल्युमिनियमचा धनभार सिलिकॉनपेक्षा एकाने कमी असल्यामुळे संपूर्ण पापुद्र्यावर ऋणभाराची तूट राहते. ही तूट भरून काढण्यासाठी दोन पापुद्र्यांच्या मधल्या फटीत पोटॅशियमचे आयन येऊन बसतात. जाळ्यातील षट्कोनी खळग्यांचा आकार आणि पोटॅशियमचा आकार यांचा मेळ इतका नेमका जमतो की एकेक आयन वरच्या आणि खालच्या खळग्यात अर्धा अर्धा रुततो, आणि दोन पापुद्रे त्याच्यामुळे घट्ट जखडले जातात. पापुद्रा आणि त्याची फट मिळून जाडी भरते एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. मधल्या फटीत पाण्याच्या रेणूलाही शिरकाव नसतो.

हे पोटॅशियम म्हणजेच शेतकऱ्याचा पालाश. नत्र, स्फुरद आणि पालाश या त्रयीतील तिसरे अन्नद्रव्य वनस्पतीला जे मिळते ते मूलतः अभ्रकातून आणि फेल्स्पारमधून. शुद्ध पांढऱ्या अभ्रकाच्या वजनाचा जवळजवळ दहावा हिस्सा केवळ पोटॅशियमचा असतो.

पांढरे आणि काळे या दोन अभ्रकांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि जमिनीचे पुढचे भवितव्य या फरकावर बरेचसे अवलंबून असते. १९३८ साली सॅम्युएल गोल्डिच यांनी खडकातील खनिजे कोणत्या क्रमाने कुजतात याची जी मालिका मांडली, तिच्यात काळे अभ्रक, म्हणजे बायोटाइट, लवकर जाणाऱ्यांत आहे, तर पांढरे अभ्रक, म्हणजे मस्कोव्हाइट, अगदी शेवटी, गारगोटीच्या शेजारी येते. एकाच घराण्यातल्या दोन खनिजांच्या आयुष्यात इतके अंतर का पडावे, याचे उत्तर फार सूक्ष्म ठिकाणी दडलेले आहे. प्रत्येक खळग्याच्या तळाशी एक हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची जोडी, असते. काळ्या अभ्रकात तिच्यातला हायड्रोजन सरळ वर, थेट पोटॅशियमच्या रोखाने उभा असतो. दोघेही धनभारित, तेव्हा एकमेकांना दूर लोटतात, आणि पोटॅशियमचे बस्तान मुळातच थोडे सैल राहते. पांढऱ्या अभ्रकात मधल्या थरातील तिसरी जागा रिकामी असल्यामुळे तो हायड्रोजन तिकडे कलतो, पोटॅशियमची वाट मोकळी राहते, आणि ते खळग्यात खोलवर बसते. एका हायड्रोजनाच्या कलण्यावर एक खनिज काही हजार वर्षांत माती होते आणि दुसरे लाखो वर्षे वाळूत चमकत राहते.

आता खोल जमिनीकडे वळू. उष्ण आणि दमट प्रदेशांत, जेथे भूपृष्ठ दीर्घकाळ स्थिर राहिले आहे तेथे, ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म हे खडक वीस-तीस मीटर किंवा त्याहूनही खोलवर कुजलेले आढळतात. नांगराला माहीत असलेली जमीन ही त्या कुजलेल्या देहाची केवळ वरची त्वचा होय. अमेरिकेच्या आग्नेय भागात ॲपलाशियन पर्वत आणि अटलांटिकचे किनारी मैदान यांच्या मधला पीडमॉन्ट नावाचा प्रदेश यासाठी प्रसिद्ध आहे. तेथे रस्त्यासाठी टेकडी कापलेली असली, तर वर लालभडक चिकण माती दिसते, आणि तिच्याखाली फिकट, ठिसूळ असा एक जाड थर, ज्यात मूळ खडकाचे पट्टे, त्याच्या भेगा, गारगोटीच्या शिरा, सारे काही जागच्या जागी असते, पण कुदळीची गरज न लागता फावडे आत जाते. आपल्याकडे विहीर खणताना जो मुरूम लागतो त्याच जातीचा हा पदार्थ. खडक येथे जागा न सोडता, आकार न बदलता कुजलेला असतो.

या कुजण्याला प्रारंभ बहुधा काळे अभ्रक करून देते. पावसाचे पाणी केसाएवढ्या भेगांतून खाली झिरपते, त्याबरोबर हवेतील ऑक्सिजन जातो, आणि काळ्या अभ्रकातील लोहाचे ऑक्सिडीकरण होऊ लागते. लोहाचा भार वाढला की पापुद्र्याची ऋणभाराची तूट तितकी कमी होते, पोटॅशियमवरील पकड ढिली पडते, आणि कण किंचित फुगतो. एका कणाचे फुगणे ते किती. परंतु खडकाच्या एका घनमीटरात असे असंख्य कण असतात, आणि ते सगळे फुगू लागले म्हणजे खडकाला आतून तडे जाऊ लागतात. त्या तड्यांतून पाणी आणखी खाली उतरते, तेथील अभ्रकाला गाठते, आणि क्रिया पुढे चालू राहते. पोर्तो रिकोच्या लुकिलो पर्वतात कातळाच्या मोठमोठ्या गोलकांवर कांद्यासारखी साले सुटलेली भूवैज्ञानिकांनी बारकाईने अभ्यासली आहेत, आणि त्या सालांचे मूळ काळ्या अभ्रकाच्या या फुगण्यातच त्यांना सापडले. खडक फुटण्याचे कारण उष्णता, थंडी, झाडांची मुळे असे आपण शाळेत शिकतो. ते खोटे नाही, पण जमिनीखाली तीस मीटरांवर ना ऊन पोहोचते ना दहिवर, आणि तेथे खडक फोडण्याचे काम त्याच्याच पोटातले एक खनिज करीत असते.

अशा मुरमातून एक कण निवडून भिंगाखाली धरावा. ताजे काळे अभ्रक कुळकुळीत असते, आणि त्याचा पापुद्रा वाकवून सोडला तर तो पुन्हा सरळ होतो. कुजलेल्या कणाचा रंग पितळी झालेला असतो. तो वाकवला तर वाकलेलाच राहतो, कारण पापुद्र्यांना परत ओढणारे बंधन सुटत चाललेले असते. कणाच्या कडा उसवलेल्या दिसतात. मध्यभागी अजून काळा, अखंड गाभा असतो, आणि काठाकडे जावे तसतसे पापुद्रे एकमेकांपासून दूर होत गेलेले असतात. या उसवलेल्या फटींतून पोटॅशियम निघून गेले आहे आणि त्याच्या जागी मॅग्नेशियम किंवा कॅल्शियमचे आयन आपल्याबरोबर पाण्याचे रेणू घेऊन आत शिरले आहेत. एक नॅनोमीटरची जाडी त्यामुळे सुमारे १.४ नॅनोमीटर झाली आहे. हे नवे खनिज व्हर्मिक्युलाइट. कण तापलेल्या तव्यावर टाकला तर फटींतल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि तो क्षणार्धात लांब, वळवळत फुलतो. रोपवाटिकेत कुंड्यांसाठी जो सोनेरी, हलका, भुशासारखा पदार्थ मिळतो तो याच रीतीने भट्टीत फुलवलेला असतो.

आपल्या रसशास्त्रकारांनी अभ्रकाची परीक्षा अग्नीनेच करावयास सांगितली आहे, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. त्यांनी अभ्रकाचे चार भेद मानले : अग्नीत टाकल्यावर ज्याचे पापुद्रे सुटतात ते पिनाक, जे सर्पासारखा फूत्कार करते ते नाग, जे बेडकासारखे उडते ते मंडूक, आणि ज्याच्यात काहीच विकार होत नाही ते वज्र, भस्मासाठी ग्राह्य फक्त वज्राभ्रक. फुलणे, फुसफुसणे आणि उडणे ही तिन्ही लक्षणे फटीत पाणी शिरलेल्या, म्हणजे अपक्षय झालेल्या अभ्रकाची असावीत, आणि वज्र म्हणजे ज्यातले पोटॅशियम अजून हललेले नाही असे ताजे खनिज असावे, असे मला वाटते. हा माझा तर्क आहे. पण क्ष-किरणांचे नावही नसलेल्या काळात, केवळ निखारा आणि सावध दृष्टी यांच्या बळावर, खनिजाच्या अंतरंगातला भेद ओळखणाऱ्या त्या निरीक्षकांविषयी आदर वाटल्याखेरीज राहत नाही.

व्हर्मिक्युलाइट हा मुक्काम, शेवट नव्हे. पीडमॉन्टसारख्या आम्ल जमिनीत वर वर जावे तसे फटींतून ॲल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड बेटाबेटांनी साचू लागते. ही बेटे पापुद्र्यांना टेकू देऊन धरतात, फट पूर्ण मिटूही देत नाहीत आणि पूर्ण उघडूही देत नाहीत, आणि असे टेकू लागलेले खनिज आम्ल जमिनीत दीर्घकाळ तग धरते. जेथे पाऊस अधिक, निचरा चांगला आणि काळ भरपूर, तेथे सिलिकाही धुपून जाते, तीन थरांचा पापुद्रा मोडतो, आणि दोनच थरांचे, ०.७ नॅनोमीटर जाडीचे केओलिनाइट तयार होते. काळ्या अभ्रकातील लोह गोथाइट आणि हेमॅटाइट होऊन मागे राहते; जमिनीचा तो लाल-पिवळा रंग त्याचाच. केओलिनाइटाच्या पापुद्र्यावर भाराची तूट जवळजवळ नसते, सबब त्याच्या फटीत पोटॅशियमला जागाही नसते आणि बोलावणेही नसते. दक्षिण कोकणातील चिनी मातीचे साठे आणि जांभ्याखालची फिकट मऊ माती ही या अवस्थेची उदाहरणे, आणि तेथील डोंगरउतारावरच्या जमिनी पालाशाला दुबळ्या असतात त्याचे एक कारणही हेच.

परंतु सर्वांत महत्त्वाची अवस्था या दोन टोकांच्या मधली आहे : अर्धवट उघडलेले अभ्रक. मृत्तिका ही निराकार, गोंदासारखी वस्तू आहे असे १९२० च्या दशकापर्यंत बहुतेक रसायनज्ञ मानीत असत. १९३० साली अमेरिकेच्या शेती खात्यातील हेंड्रिक्स आणि फ्राय यांनी जमिनीतील मृत्तिकेवर क्ष-किरण टाकून ती स्फटिकमय असल्याचे दाखवले, आणि १९३७ साली इलिनॉय राज्यातील ग्रिम, ब्रे आणि ब्रॅडली या तिघांनी मृत्तिकेतील अभ्रकसदृश खनिजाला इलाइट हे नाव दिले. इलाइट म्हणजे थोडे पोटॅशियम गमावलेले, पण पुष्कळसे अजून बाळगून असलेले अभ्रकच म्हणावे. गंगेच्या मैदानातील मृत्तिकेत त्याचेच प्राबल्य आहे. त्याच्या उसवलेल्या कडांचा एक विलक्षण गुण असा की त्या देतात आणि घेतातही. भोवतालच्या पाण्यात पोटॅशियम कमी झाले, म्हणजे मुळांनी ते ओढून घेतले, की फटीतून पोटॅशियम बाहेर येते. बाहेर ते वाढले की आत शिरते, आणि फट त्याच्यावर मिटते. अमोनियमचा आकार पोटॅशियमच्या जवळपास असल्यामुळे शेतकऱ्याने घातलेल्या नत्राचा काही भागही अशाच फटींत अडकून पडतो.

आणि सीझियमही. मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमाच्या अणुवीजकेंद्राला अपघात झाला आणि किरणोत्सर्गी सीझियम वाऱ्याबरोबर आबुकुमाच्या डोंगराळ प्रदेशावर पसरले, तेव्हा ते पावसाबरोबर खोल जाऊन भूजलात मिसळेल अशी भीती होती. प्रत्यक्षात त्यातले बहुतेक सीझियम जमिनीच्या वरच्या पाच सेंटिमीटरांतच राहिले. तो प्रदेश कुजलेल्या ग्रॅनाइटचा. त्याच्या मातीत पितळी झालेले काळे अभ्रक विपुल, आणि संशोधकांनी एकेक कण वेगळा करून तपासला तेव्हा सीझियम विशेषकरून या कणांनीच घट्ट धरून ठेवलेले आढळले. सीझियमचा आयन पोटॅशियमपेक्षा थोडा मोठा, पाण्याचे वेष्टन सहज टाकणारा; उसवलेल्या कडेच्या चिंचोळ्या फटीत तो शिरला की फट मिटते आणि त्याला परत फिरता येत नाही. जपानी शासनाने तो पाच सेंटिमीटरांचा थर खरवडून काढला. अशा खरवडलेल्या मातीचा साठा सव्वा कोटी घनमीटरांच्या वर गेला आहे. भातशेतीसाठी तेथे आणखी एक उपाय योजला गेला, जो या लेखाच्या विषयाशी अगदी निगडित आहे : १०० ग्रॅम मातीत किमान २५ मिलिग्रॅम विनिमयक्षम पालाश राहील इतके पालाशखत खाचरांत घातले गेले, कारण भाताच्या मुळाला पोटॅशियम पुरेसे मिळाले की ते सीझियम फारच कमी उचलते. आपापल्या घरांकडे परतू पाहणाऱ्या हजारो कुटुंबांचे भवितव्य कुजलेल्या अभ्रकाच्या कडांवर अवलंबून राहिले, ही गोष्ट मला फार हलवून टाकते.

हे सारे भूगर्भीय काळाच्या मोजमापाने, म्हणजे लाखो वर्षांनी घडते, असा समज होणे साहजिक आहे. खोल मुरमापुरता तो बरोबर आहे. मुळांच्या सान्निध्यात मात्र तो साफ चुकीचा ठरतो. १९५६ साली मॉर्टलंड, लॉटन आणि उएहारा यांनी काळ्या अभ्रकाच्या चुऱ्यात, पोटॅशियमचा दुसरा कोणताही पुरवठा न ठेवता, लागोपाठ गहू पेरून पाहिला, आणि काही पिकांनंतर तो चुरा व्हर्मिक्युलाइटमध्ये बदललेला आढळला. पुढे १९९० च्या सुमारास फ्रान्समध्ये इन्सँजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रायगवताच्या मुळांची दाट चटई अभ्रकावर टेकवून ठेवली, तेव्हा अवघ्या काही दिवसांत फटी उघडू लागल्या. मूळ आपल्या भोवतालच्या पाण्यातले पोटॅशियम इतके निपटून घेते की आतल्या पोटॅशियमला बाहेर पडावेच लागते. गव्हाच्या एका हंगामात जमिनीचे खनिज बदलते, हे वाक्य अतिशयोक्तीचे नाही.

शेतावरचा पुरावा इलिनॉय विद्यापीठाच्या मॉरो प्लॉट्स या १८७६ पासून चालत आलेल्या प्रयोगक्षेत्रातून मिळाला. तेथील जुनी माती बाटल्यांतून जपून ठेवलेली असल्याने वेल्ड आणि पेक या अभ्यासकांना विसाव्या शतकाच्या आरंभीची आणि अखेरची मृत्तिका एकमेकींशी ताडून पाहता आली. ज्या तुकड्यात खत न घालता वर्षानुवर्षे केवळ मकाच घेतला गेला, त्यातील इलाइटचे प्रमाण घटलेले होते. पिकांची फेरपालट पाळलेल्या तुकड्यात ते बरेच टिकून होते. याउलट जेथे झाडे दीर्घकाळ उभी असतात तेथे ती खोलवरच्या मुरमातले पोटॅशियम मुळांनी उपसून पानांत आणतात, पानगळीबरोबर ते पृष्ठभागावर पडते, आणि रिकाम्या झालेल्या वरच्या फटी पुन्हा भरतात. साउथ कॅरोलायनातील कॅल्हून येथे, कापसाच्या शेतीने झिजून गेलेल्या पीडमॉन्टच्या जमिनीवर १९५७ च्या सुमारास लावलेल्या पाइनच्या बनात, तीस वर्षांत झाडांनी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उचलल्यामुळे वरच्या जमिनीतील त्यांचा साठा उघड घटला. पोटॅशियमचा मात्र जवळजवळ कायम राहिला. ज्या फटींतून ते येते त्या फटी अजून देत होत्या. वास्तविक सर्वाधिक अपक्षय पृष्ठभागाशी होतो, म्हणून इलाइट तेथेच सर्वांत कमी असायला हवे. समशीतोष्ण प्रदेशांतल्या अनेक जमिनींत ते उलट वरच अधिक आढळते, याची संगती झाडांच्या या उपशाने लागते.

आता पुन्हा आपल्या देशाकडे. गंगेच्या मैदानातील मृत्तिकेत केवळ आजची शेतीच नाही, पूर्वीची हवामानेही नोंदलेली आहेत. सुमारे साडेसहा हजार ते चार हजार वर्षांपूर्वी तेथे ओलसर, उष्ण काळ होता, आणि त्या काळात काळ्या अभ्रकापासून आधी झालेली खनिजे केओलिनाइटाकडे अर्धवट वळली. पुढे कोरडा काळ येताच ताज्या अभ्रकापासून पुन्हा पूर्वीसारखी फुगणारी खनिजे होऊ लागली. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेतील संशोधकांचा या उलगड्यात मोठा वाटा आहे. त्यांनीच आपल्या काळ्या मातीचाही तपास केला. काळी माती फुगते, भेगाळते, ती स्मेक्टाइट या खनिजामुळे, आणि हे स्मेक्टाइट बसाल्टातील फेल्स्पारपासून झालेले. तरीही तिच्या सूक्ष्म कणांत थोडे अभ्रक असतेच, आणि तिच्या पालाशाचा दीर्घकालीन पुरवठा बराचसा त्या थोड्याशा अभ्रकातूनच होतो.

येथे मला जे आग्रहाने सांगावयाचे आहे ते असे. माती-परीक्षणाच्या प्रयोगशाळेत पालाश मोजतात तो अमोनियम ॲसिटेटच्या द्रावणाने. या द्रावणात मोकळा आणि कणांच्या पृष्ठभागावर सहज बदलता येणारा पालाश तेवढा उतरतो. ही जमिनीची हातशिल्लक झाली. खजिना आत, फटींत आहे, आणि हातशिल्लक कमी झाली की खजिन्यातून ती भरली जाते, त्यामुळे पिकांनी वर्षानुवर्षे उचल करूनही पत्रिकेवरचा आकडा फारसा हलत नाही आणि त्यापुढे ‘भरपूर’ हा शेरा कायम राहतो. खजिन्याची मोजदाद उकळत्या नत्राम्लाने करता येते, ही रीत कित्येक दशके माहीत आहे; तरी २०१५ पासून देशभर दिल्या जाणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेतील बारा बाबींत तिला स्थान नाही. म्हणून शेरा एकच असलेल्या दोन जमिनी, एक अभ्रकाने समृद्ध गाळाची आणि दुसरी केओलिनाइटाची, प्रत्यक्षात अगदी निराळ्या ऐपतीच्या असू शकतात, आणि दोन्हींच्या धन्यांना सल्ला मात्र एकच मिळतो.

हरितक्रांतीच्या पहिल्या दशकांत पंजाब-हरियाणाच्या शेतांनी पालाशखताला फारसा प्रतिसाद दिला नाही, आणि त्यावरून या जमिनींना पालाश लागतच नाही अशी समजूत रूढ झाली. प्रतिसाद नव्हता, कारण इलाइट देत होते. एक टन गहू किंवा भात पिकवताना साधारण वीस-तीस किलो पालाश जमिनीतून उचलला जातो, आणि त्यातला तीन-चतुर्थांशाच्या आसपास धान्यात न जाता काडात राहतो. तेव्हा काड शेतात परतते की चाऱ्यासाठी, विटभट्टीसाठी बाहेर जाते यावर जमाखर्च ठरतो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० साली सुरू केलेल्या दीर्घकालीन खत-प्रयोगांत बहुतेक केंद्रांवर पालाशाचा हा जमाखर्च तुटीचा निघाला आहे. नत्र आणि स्फुरद भरपूर, पालाश नाही, अशा तुकड्यांत तर ती तूट अधिकच. पालाशखत जवळजवळ सर्वच परदेशातून आयात करावे लागते, त्यामुळे त्याचा भाव वाढला की शेतकरी प्रथम त्यालाच कात्री लावतो, आणि पीक लगेच पडत नसल्यामुळे ती बचत शहाणपणाची वाटते. आपल्याकडे ऊस, केळी, द्राक्षे आणि हळद ही पालाशाची मोठी उचल करणारी पिके ज्या जमिनींत घेतली जातात, त्यांतील अभ्रक मुळातच गंगेच्या मानाने अल्प आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

अशा रीतीने दीर्घकाळ रिकाम्या झालेल्या फटी स्वस्थ बसत नाहीत. एखाद्या शेतकऱ्याने पुष्कळ वर्षांनी प्रथमच पालाशखत घातले, तर त्यातला बराच भाग आधी त्या उघड्या पापुद्र्यांतच शिरतो आणि फटी त्याच्यावर मिटतात. पिकाच्या वाट्याला थोडेच येते, उत्पादनात फरक दिसत नाही, आणि खताला पैसे घालणे व्यर्थ होते असा निष्कर्ष काढून तो पुढच्या हंगामापासून ते पुन्हा बंद करतो. खरे पाहता त्या हंगामात जमिनीने त्याचे खत वाया घालवलेले नसते, आपले जुने येणे तेवढे वळते करून घेतलेले असते. आणखी दोन-तीन हंगाम ते चालू राहिले असते, तर फटी भरल्यावर त्याच इलाइटने ते पिकाला परत द्यायला सुरुवात केली असती.